दगडापेक्षा वीट मऊ

मागील अंकात या सदरातून आम्ही एकच प्रश्न विचारला होता : जो पक्ष आपल्याला मनापासून आवडत नाही, त्याला आपण मत का देतो? उत्तरे मागितली होती, पण बहुतेक वाचकांनी उत्तराऐवजी उलट प्रश्नच पाठवले, आणि खरे सांगायचे तर ते आमच्या प्रश्नापेक्षा चांगले होते. त्यांतील सात पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी गेली तीस वर्षे एकाच पक्षाला मत देत आलो आहे. त्याचे आर्थिक धोरण मला पटते, शिक्षणविषयक भूमिका अजिबात पटत नाही, आणि त्याच्या काही पुढाऱ्यांच्या वागण्याची तर लाज वाटते. प्रत्येक निवडणुकीत मत देऊन बाहेर पडताना मन खाते. मी स्वतःची फसवणूक करत आहे का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : नाही. आपण एक अपुरे साधन वापरत आहात आणि ते अपुरे असल्याची जाणीव आपल्याला आहे, इतकेच. मन खाते याचे कारण असे की मत देणे म्हणजे मान्यता देणे, असे आपण गृहीत धरले आहे. वस्तुतः मतपत्रिका आपल्याला ‘हे सारे पटते का?’ असे विचारतच नाही. तिचा प्रश्न फार अरुंद आहे : जे समोर उभे आहेत त्यांच्यापैकी कोणाच्या हाती सत्ता गेलेली आपल्याला चालेल? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणारा मनुष्य त्या पक्षाच्या प्रत्येक कृत्याला जामीन राहत नाही.

पक्ष हे एक गाठोडे असते. अर्थकारण, शिक्षण, परराष्ट्र धोरण, न्यायव्यवस्था आणि त्यावर पुढाऱ्यांचे स्वभाव असे सारे एकत्र बांधून ते आपल्यापुढे येते, आणि ते सोडून हवे तेवढेच उचलण्याची सोय मतदाराला नसते. समजा, देशापुढे फक्त दहाच प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच आहे. तरीही उत्तरांचे १,०२४ वेगवेगळे संच तयार होतात. रिंगणात पक्ष मात्र चार-पाच. दहाच्या दहा उत्तरे जुळणारा पक्ष सापडणे हा निव्वळ योगायोग, आणि ज्याला तो सापडला आहे त्याने आपली मते आधी ठरवली की पक्ष आधी ठरवला, हे एकदा तपासून पाहावे.

याहूनही चमत्कारिक गोष्ट राज्यशास्त्रात ‘ओस्ट्रोगोर्स्कीचा विरोधाभास’ या नावाने ओळखली जाते. पाच मतदार, तीन प्रश्न आणि ‘क’ व ‘ख’ असे दोन पक्ष घ्या. पहिल्या मतदाराला पहिल्या प्रश्नावर ‘क’ पटतो आणि उरलेल्या दोहोंवर ‘ख’. दुसऱ्याला केवळ दुसऱ्या प्रश्नावर ‘क’ पटतो, तिसऱ्याला केवळ तिसऱ्या. चौथा आणि पाचवा मात्र तिन्ही प्रश्नांवर ‘क’च्या बाजूचे आहेत. ज्याच्या अधिक भूमिका पटतात त्याला मत, या सरळ नियमाने पहिले तिघे ‘ख’ला मत देतील आणि ‘ख’ तीन विरुद्ध दोन असा निवडून येईल. आता एकेक प्रश्न सुटा घेऊन मोजा. प्रत्येक प्रश्नावर ‘क’च्या बाजूने तीन जण निघतात! एकाही प्रश्नावर बहुमत पाठीशी नसलेला पक्ष सत्तेवर आला, आणि तरीही पाचांपैकी कोणीही अप्रामाणिक मत दिलेले नाही. आपले मन खाते त्याचे मूळ आपल्या सदसद्विवेकात शोधण्याआधी या हिशेबात शोधावे.

स्वतः मोइसे ओस्ट्रोगोर्स्कीने विसाव्या शतकाच्या आरंभी यावर उपाय सुचवला होता तो असा की, कायमस्वरूपी पक्षच नसावेत, एकेका प्रश्नापुरते संघ स्थापन व्हावेत आणि तो प्रश्न सुटला की ते विसर्जित व्हावेत. ऐकायला हे फार स्वच्छ वाटते. परंतु राज्यकारभारात प्रश्न सुटे नसतात. शाळांवर वाढवलेला खर्च कुठल्या तरी करातून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून येतो, आणि हा मेळ घालण्यासाठी कोणाला तरी सगळ्या प्रश्नांची जबाबदारी एकत्र घ्यावीच लागते. गाठोडे हे अशा रीतीने कारभाराच्या गरजेतूनच बांधले जाते. ते बांधणारे लबाड असतील किंवा नसतील, गाठ राहणारच.

आपल्या भाषेत या प्रसंगासाठी दोन म्हणी आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण विटेची स्तुती करत नाही. दोन कठीण वस्तूंतही कमी-अधिक असते आणि ते फरक करण्याजोगे असते, एवढेच ती सांगते. ‘उडदामाजी काळेगोरे’ म्हणणारा मनुष्य मात्र फरकच नाकारतो : सगळे सारखेच, निवडायचे काय? मतदाराला पक्षांविषयी काय वाटते यापेक्षा यांतली कोणती म्हण समोरच्या निवडणुकीला लागू पडते, हा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. तो प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो. आपण तीस वर्षांत तो किती वेळा नव्याने केला, हा प्रश्न मात्र मी आपल्याला विचारीन.

प्रश्न : ‘कमी वाईट’ निवडत राहिल्यामुळेच वाईट पक्ष टिकून राहतात, असे मला वाटते. मला एक लहान पक्ष खरोखर पटतो, परंतु घरातील सर्व जण म्हणतात की मत वाया जाईल. सगळ्यांनीच हा विचार सोडून दिला, तर तोच पक्ष निवडून येणार नाही का? (पहिल्यांदा मतदान करणारी एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘सगळ्यांनीच’ या शब्दात सारी अडचण आहे. सगळ्यांनी विचार सोडला तर तो पक्ष निवडून येईल हे खरे. पण आपल्या हाती सगळ्यांची मते नाहीत, एकच मत आहे, आणि बाकीचे काय करणार हे आपल्याला ठाऊक नाही. बाकीच्यांनाही आपले ठाऊक नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून सावध होतो, आणि ज्या पक्षाविषयी अनेकांच्या मनात आस्था असते तो मतमोजणीत दिसतच नाही.

मॉरिस द्युव्हेर्जे या फ्रेंच राज्यशास्त्रज्ञाने १९५१ साली ही प्रक्रिया दोन परिणामांत मांडली. ज्या मतदारसंघात एकच जागा असते आणि ज्याला सर्वाधिक मते तोच विजयी होतो, तेथे लहान पक्षाची विखुरलेली मते जागांत उतरत नाहीत. हा यांत्रिक परिणाम. हे एकदा अनुभवास आले की मतदार पुढच्या वेळी आधीच मोठ्या पक्षाकडे वळतो. हा मानसिक परिणाम. पहिल्याचे उदाहरण पाहायचे तर ब्रिटनमधील १९८३ची निवडणूक घ्यावी. मजूर पक्षाला २७.६ टक्के मते आणि २०९ जागा मिळाल्या. लिबरल व सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीला २५.४ टक्के मते मिळाली, म्हणजे जेमतेम दोन टक्क्यांचे अंतर, आणि जागा किती? ६५०पैकी २३. मजूर पक्षाची मते काही भागांत एकवटलेली होती, आघाडीची देशभर सारखी पसरलेली होती.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपल्या घरातील मंडळींवर अन्याय होईल. फ्रान्समध्ये अध्यक्षाची निवड दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर आघाडीवरच्या दोघांत दुसरी फेरी होते. २००२ साली पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. उजव्या बाजूचे तत्कालीन अध्यक्ष शिराक आणि समाजवादी पक्षाचे झोस्पँ हेच दोघे पुढे जाणार असे जवळजवळ सर्वांनी धरले होते, त्यामुळे डाव्या विचारांच्या अनेक मतदारांनी निर्धास्तपणे आपापल्या आवडीच्या लहान उमेदवारांना मते दिली. निकाल लागला तेव्हा शिराक यांना १९.८८ टक्के, अतिउजव्या ल पेन यांना १६.८६ टक्के आणि झोस्पँ यांना १६.१८ टक्के मते होती. दोन लाखांहून कमी मतांच्या फरकाने झोस्पँ बाहेर पडले. मग त्याच डाव्या मतदारांना दुसऱ्या फेरीत, नाकाला चिमटा लावण्याची भाषा करत, शिराक यांना मत द्यावे लागले. शिराक ८२.२१ टक्के मतांनी विजयी झाले. पहिल्या फेरीत ज्याला पाचातल्या एकानेही पसंती दिली नव्हती, त्याच्यासाठी ही संख्या प्रेमाची नव्हती, हे शिराक यांनाही कळत असणार.

तरीही ‘मत वाया जाईल’ हे वाक्य मला तितकेसे पटत नाही. अमेरिकी विद्वान अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली दाखवून दिले की, लाखो मतांच्या निवडणुकीत एकट्या मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असते. २००० साली अमेरिकेचे अध्यक्षपद ज्या फ्लोरिडा राज्यावर अडले, तेथेही अंतर ५३७ मतांचे होते, एक-दोन नव्हे. हा हिशेब लावला तर मोठ्या पक्षाला दिलेले मतही तितकेच ‘वाया’ जाते. म्हणून ‘माझ्या एका मताने काय होईल?’ हा प्रश्नच बाजूला ठेवून ‘माझ्यासारखा विचार करणाऱ्या सर्वांनी येथे काय करणे शहाणपणाचे ठरेल?’ असा प्रश्न करावा. जेथे मोठ्या पक्षांपैकी एकाचा विजय आधीच निश्चित आहे, तेथे लहान पक्षाला मत देण्यात गमावण्यासारखे काही नाही, आणि त्याची मते वाढलेली पाहून मोठा पक्ष त्याची एखादी मागणी उचलतो, असेही घडते. जेथे लढत अटीतटीची आहे आणि दोघांतील एक आपल्याला खरोखर धोकादायक वाटतो, तेथे मी आपल्या घरच्यांच्या बाजूने आहे.

प्रश्न : दोष पक्षांचा नसून निवडणूक पद्धतीचा आहे, असे वाचले. पद्धत बदलली तर ‘कमी वाईट’ निवडण्याची वेळच येणार नाही, हे खरे का?

उत्तर : अंशतः खरे आहे. ऑस्ट्रेलियात १९१८पासून मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीकडे जाते, त्यामुळे मनापासून आवडणाऱ्या लहान पक्षाला पहिला क्रमांक देऊनही कमी वाईट पक्षाला साहाय्य करता येते. न्यूझीलंडचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत मजूर पक्षाला अधिक मते मिळूनही सरकार नॅशनल पक्षाचे आले, आणि १९८१ साली सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला २०.७ टक्के मते पडून ९२पैकी अवघ्या दोन जागा मिळाल्या. या अनुभवांतून असंतोष वाढत गेला, १९९३च्या सार्वमतात लोकांनी पक्षांना एकूण मतांच्या प्रमाणात जागा देणारी मिश्र प्रमाणशीर पद्धत स्वीकारली आणि १९९६ची निवडणूक त्या पद्धतीने झाली.

मात्र प्रमाणशीर पद्धतीत एका पक्षाला बहुमत क्वचितच मिळते आणि सरकारे आघाडीची बनतात. मतदाराने मतदान केंद्रात करायची ती तडजोड तेथे त्याचा पक्ष निकालानंतर बंद दाराआड करतो. मतदाराचा हात स्वच्छ राहतो, पण ज्याला आपण मत दिले त्याने कोणाशी हातमिळवणी केली हे त्याला नंतर कळते. यात अधिक चांगले काय, याविषयी मतभेद होऊ शकतात. मला स्वतःला पसंतीक्रमाची पद्धत आवडते, कारण तीत तडजोड मतदाराच्या हाती राहते आणि त्याची खरी आवडही नोंदली जाते. निर्दोष पद्धत मात्र मागू नये. केनेथ अॅरो यांनी १९५१ साली गणिताने सिद्ध केले की, तीन किंवा अधिक पर्याय असतील तर मतदारांच्या पसंतीक्रमांवरून समाजाचा क्रम लावणारी कोणतीही पद्धत काही अगदी साध्या आणि रास्त अटी एकाच वेळी पाळू शकत नाही.

प्रश्न : त्यापेक्षा ‘नोटा’चे बटण दाबणे किंवा घरी बसणे अधिक प्रामाणिक नाही का?

उत्तर : या दोन गोष्टी सारख्या नाहीत. घरी बसणाऱ्याचे मौन आळसाचे, आजाराचे की निषेधाचे, हे कोणालाच कळत नाही. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाने निषेध निदान मोजला जातो. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३च्या निर्णयामुळे हा पर्याय यंत्रावर आला. त्याआधी मत न देण्याची इच्छा मतदान केंद्रावरील नोंदवहीत नोंदवावी लागे आणि गुप्तता राहत नसे. न्यायालयाचा मुख्य मुद्दा या गुप्ततेचा होता. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ६० लाख मतदारांनी, म्हणजे साधारण १.१ टक्के लोकांनी तो वापरला. परंतु ‘नोटा’ला पडलेली मते कितीही असली तरी उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते तोच लोकसभेत जातो.

अमेरिकेतील नेवाडा राज्यात असाच पर्याय १९७५पासून आहे. तेथे १९९८च्या सिनेट निवडणुकीत विजयी उमेदवाराचे मताधिक्य अवघे ४२८ मतांचे होते, आणि ‘यांपैकी कोणीही नाही’ म्हणणारे आठ हजारांहून अधिक होते. त्या आठ हजारांना दोघांतला फरक खरोखरच शून्य वाटत असेल, तर त्यांनी योग्य केले. त्यांच्यातील एखाद्याला दुसऱ्या दिवशी निकालाने हळहळ वाटली असेल, तर त्याला फरक वाटत होता आणि त्याने तो सांगितला नाही.

प्रश्न : आमच्या समाजातील जवळजवळ सर्व जण एकाच पक्षाला मत देतात, कारण दुसऱ्या पक्षाची आम्हाला भीती वाटते. हे आमच्या पक्षाला पक्के ठाऊक आहे. म्हणून तो निवडणुकीखेरीज आमच्याकडे फिरकत नाही. आम्ही जाणार कुठे? (एक सामाजिक कार्यकर्ता)

उत्तर : सर्व पत्रांत हे पत्र सर्वांत अवघड आहे, कारण ‘कमी वाईट’ निवडण्याच्या समर्थनातील खरी फट येथे दिसते. आतापर्यंत मी जे म्हटले ते मतदाराच्या बाजूने म्हटले. पक्षाच्या बाजूने पाहिले तर चित्र असे दिसते की, ज्या मतदाराला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्यासाठी काही करण्याचे कारण उरत नाही. त्याही पुढची गोष्ट अशी की, ज्या पक्षाचे भांडवल केवळ प्रतिपक्षाची भीती हेच आहे, त्याला स्वतः सुधारण्यापेक्षा प्रतिपक्ष अधिक भयंकर दिसणे स्वस्त पडते. भीती कमी झाली तर त्याचेच नुकसान. अशा वेळी वीट दगडापेक्षा मऊ राहण्याचाही प्रयत्न सोडून देते.

अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ साली असा विचार मांडला होता की, एकाच रस्त्यावरचे दोन विक्रेते जसे अधिक गिऱ्हाइकांसाठी मध्याकडे सरकत एकमेकांशेजारी येऊन बसतात, तसेच दोन पक्षही काठावरच्या मतदाराला गृहीत धरून मध्याकडे सरकतात आणि एकमेकांसारखे होत जातात. आपले दुखणे नेमके हेच आहे. पण अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली त्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. कोणत्याही संस्थेविषयी असमाधानी असलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्यांचे म्हणणे : बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. ज्याला बाहेर पडता येत नाही तो दुबळा दिसतो, परंतु आवाज उठवण्याची सर्वाधिक निकड त्यालाच असते, आणि पक्षाच्या आत तो सर्वाधिक त्रासदायक ठरू शकतो. हर्शमन यांनी दिलेले उदाहरण अमेरिकेच्या १९६४च्या अध्यक्षीय निवडणुकीचे आहे. रिपब्लिकन पक्षाच्या ज्या कट्टर गटाला दुसरीकडे जाण्यास जागाच नव्हती, त्यानेच पक्षांतर्गत जोर लावून बॅरी गोल्डवॉटर यांची उमेदवारी मिळवली. (गोल्डवॉटर दारुण पराभूत झाले, फक्त सहा राज्यांत जिंकले, आवाजाची ताकद सांगताना त्याची किंमतही सांगायला हवी.)

तेव्हा आपल्यापुढील प्रश्न केवळ मतदानाच्या दिवसाचा नाही. त्या दिवशी आपण बांधलेले आहात, हे मी मान्य करतो आणि खोटा धीर देत नाही. पण उमेदवार कोण असावा हे ठरते तेव्हा, पक्षाची स्थानिक समिती निवडली जाते तेव्हा, आणि ज्या लहान निवडणुकांत दुसऱ्या पक्षाच्या विजयाने तितके भय नसते तेथे, आपण बांधलेले नाही. मोठ्या निवडणुकीत मत द्यावे आणि लहान निवडणुकीत तेच मत काढून घ्यावे, यात विसंगती नाही. पक्षाला आपल्या मतांचा आकडा पाठ असतो. तो आकडा एखाद्या ठिकाणी अचानक घटला की विचारपूस करायला माणसे येतात. ‘आम्ही जाणार कुठे?’ हा प्रश्न पक्षाच्या माणसांसमोर उच्चारू नये, इतके मात्र सुचवीन.

प्रश्न : माझे यजमान पूर्वी ‘नाइलाज आहे’ असे म्हणून एका पक्षाला मत देत असत. आता त्या पक्षावर कोणी साधी टीका केली तरी ते रागावतात, आणि पूर्वी स्वतः काढलेले दोषही त्यांना आठवत नाहीत. नाइलाजाचे प्रेम कसे झाले?

उत्तर : आपल्या यजमानांचे काही फार विपरीत झालेले नाही; हे बहुतेकांचे होते. आपली कृती आणि आपले मत यांत विसंगती असली की मनाला ती सहन होत नाही, आणि कृती होऊन गेलेली असल्याने मन आपले मतच कृतीशी जुळवून घेते, असा सिद्धान्त लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडला. नॉक्स आणि इंक्स्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली कॅनडातील एका घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्याची गमतीदार पडताळणी केली. पैसे लावण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्यांना आणि नुकतेच पैसे लावून परतलेल्यांना त्यांनी एकच प्रश्न विचारला : आपला घोडा जिंकण्याची शक्यता किती वाटते? पैसे लावून झालेल्यांचा विश्वास स्पष्टपणे अधिक होता. घोडा तोच होता, शर्यत तीच होती. मध्ये फक्त खिडकीशी झालेला व्यवहार होता. दर निवडणुकीला असा व्यवहार करणाऱ्याचा विश्वास वर्षानुवर्षे कसा चढत जात असेल, याची कल्पना यावरून येईल.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. अमेरिकेत मतदारांना पक्षांविषयीची आपुलकी शून्य ते शंभर या मापावर सांगायला लावणारी पाहणी अनेक दशके चालू आहे. तीत स्वतःच्या पक्षाविषयीचा आकडा फारसा हललेला नाही, पण विरोधी पक्षाविषयीचा आकडा १९७०च्या दशकात साधारण ४८ होता तो २०२०पर्यंत सुमारे २०वर आला. आपल्या पक्षावरचे प्रेम वाढले नसतानाही निष्ठा मात्र टणक झाली, कारण तिचे इंधन दुसऱ्याविषयीच्या रागातून येते. म्हणून आपल्या यजमानांशी वाद घालताना दुसऱ्या पक्षाची बाजू घेऊ नये. त्याने ते आणखी घट्ट होतील. त्यांच्या पक्षाने गेल्या वर्षभरात केलेली एखादी गोष्ट त्यांना आवडली नाही का, एवढेच शांतपणे विचारावे. एकही आठवली नाही, तर त्यांचे मत नाइलाजाचे राहिलेले नाही, हे त्यांना स्वतःलाच कळेल.

प्रश्न : समजा, दोन्ही पक्ष मला वाईटच वाटतात आणि तिसऱ्याला संधी नाही. यांतील कमी वाईट कोण, हे ठरवायचे कसे? (एक गृहिणी)

उत्तर : जाहीरनामे शेजारी ठेवून मोजणी करण्याचा मार्ग लोक सुचवतात, पण मला तो फारसा उपयोगी वाटत नाही, कारण वाईटपणा जाहीरनाम्यात लिहिलेला नसतो. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९४५ साली लोकशाहीविषयी एक वेगळी दिशा दाखवली. राज्य कोणी करावे, हा जुना प्रश्न सोडून द्यावा आणि वाईट राज्यकर्त्यांना रक्तपाताशिवाय कसे हटवता येईल, हे विचारावे, असे त्यांनी म्हटले. हीच कसोटी पक्षांना लावता येते. दोघांपैकी कोण सत्तेवर आला तर पुढच्या वेळी त्याला खाली उतरवणे आपल्याला शक्य राहील? कोणी केलेले नुकसान पुढचे सरकार भरून काढू शकेल, आणि कोणाचे भरून निघणार नाही? पैसा खाणारा आणि न्यायालये, वृत्तपत्रे, मतमोजणी यांवर हात टाकणारा, हे दोघेही वाईट. परंतु पहिल्याला पकडण्यासाठी लागणारी यंत्रणा दुसरा मोडून ठेवतो. तसेच, जो एखाद्या समूहाच्या नागरिकत्वावरच प्रश्न उभा करतो, त्याचा दोष इतर दोषांच्या यादीत एक म्हणून मोजता येत नाही.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात १९९१ साली गव्हर्नरपदाच्या अंतिम फेरीत असेच दोघे समोरासमोर आले. एक होते एडविन एडवर्ड्स, तीनदा गव्हर्नर राहिलेले आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांनी पुरते घेरलेले. दुसरे डेव्हिड ड्यूक, वर्णद्वेषी कू क्लक्स क्लान संघटनेचे एकेकाळचे म्होरके. मोटारींच्या मागे लावायच्या चिकटपट्ट्या निघाल्या, त्यांवर मजकूर होता : लबाडाला मत द्या, ते महत्त्वाचे आहे. एडवर्ड्स सुमारे ६१ टक्के मतांनी निवडून आले, त्यांनी आपली मुदत पूर्ण केली आणि १९९६च्या आरंभी ते पायउतार झाले. राज्याचे कायदे व न्यायालये जागच्या जागी होती. २००० साली जुगारघरांच्या परवान्यांतील गैरव्यवहाराबद्दल केंद्रीय न्यायालयाने एडवर्ड्स यांना दोषी ठरवले आणि त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. चिकटपट्टीवरची दोन्ही वाक्ये खरी ठरली होती.